घरबसल्या विद्यापीठ आणि विद्यार्थ्याच्या अपेक्षा

ज्या शिक्षणास आज सर्वत्र ‘ऑनलाइन’ असें म्हणतात, त्याविषयीं आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून दोन प्रकारचीं मतें ऐकूं येतात. एक मत असें कीं, हें शिक्षण केवळ नांवाचें. घरीं बसून पडद्याकडे पाहिल्यानें कोणी पदवीधर होत नसतो. दुसरें मत याच्या अगदीं उलट. जगांतील उत्तमोत्तम प्राध्यापक आतां आपल्या दिवाणखान्यांत येऊन शिकवूं लागले, तेव्हां महाविद्यालयाच्या इमारतींची गरजच काय उरली? या वादांत शिरण्याचा माझा आज विचार नाहीं. ज्यानें अशा अभ्यासक्रमास नांव घातलें आहे, शुल्कही भरलें आहे, आणि तिसऱ्याच आठवड्यांत ज्याचें मन उडूं लागलें आहे, त्या विद्यार्थ्याविषयीं मला बोलावयाचें आहे. तो बुद्धीनें कमी नसतो, आळशी नसतो. पुष्कळदां नोकरी सांभाळून शिकत असतो. तरीही तो अभ्यास मध्येंच सोडतो. सोडतांना तो कोणाशीं भांडत नाहीं, तक्रारीचें पत्र लिहीत नाहीं. ‘आपल्याला जमलें नाहीं’ एवढेंच तो स्वतःशीं म्हणतो, आणि तो डाग मनांत घेऊन पुढें वर्षानुवर्षें वावरतो. माझें म्हणणें असें आहे कीं, त्याला न जमलेली गोष्ट पुष्कळ वेळां अभ्यास ही नसतेच. त्यानें मनाशीं धरलेली अपेक्षा आणि समोर आलेला व्यवहार यांचा मेळ बसलेला नसतो. आणि तो बसवून देणें हें ज्यांचें काम, त्या शिक्षकानें व संस्थेनें तें केलेलें नसतें.

विद्यार्थी कोरें मन घेऊन येत नाहीं. त्याच्या मनांत वर्गाचें चित्र असतें. घंटा होते, प्राध्यापक येतात, हजेरी होते. शंका आली तर हात वर करतां येतो. शेजारच्या बाकावरील मित्राची वही पाहून घेतां येते. आणि परीक्षा जवळ आल्याचें व्हरांड्यांतल्या बोलण्यावरूनच समजतें. यांपैकीं कोणतीही गोष्ट त्याला कोणी मुद्दाम शिकविलेली नसते. वर्गांत ती हवेसारखी आपोआप मिळते. घरीं बसून शिकणाऱ्यास यांतलें कांहींच आपोआप मिळत नाहीं. जें आपोआप मिळत नाहीं तें शब्दांनीं सांगावें लागतें, आणि तें पहिल्या आठवड्यांतच सांगावें लागतें. पुढें सांगून उपयोग नसतो, कारण ज्यास सांगावयाचें तो तोंपर्यंत निघून गेलेला असतो.

दूर राहून शिकण्याची रीत कांहीं नवी नाहीं. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनींत पत्र पाठविण्याची सोय झाली, आणि त्याच वर्षीं आयझॅक पिटमन यानें टपालानें लघुलेखन शिकविण्यास आरंभ केला. शिष्यानें उतारा लघुलिपींत लिहून पाठवावा, गुरूनें तो तपासून परत करावा, असा क्रम होता. लंडन विद्यापीठानें १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांस पदवीपरीक्षेस बसण्याची मुभा दिली. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें. पुढें १९८५ मध्यें इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्यें नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. या सर्व काळांत एक गोष्ट सोयीची होती. टपालानें शिकणाऱ्याची अपेक्षा टपालच ठरवून देत असे. पत्र जाण्यास चार दिवस, येण्यास चार दिवस, मधले कांहीं दिवस तपासणीचे; हा हिशोब ज्याचा त्यास ठाऊक होता. पोस्टमनची वाट पाहण्याची संवय घरोघर होती. उत्तर पंधरा दिवसांनीं आलें तरी शिष्य रुष्ट होत नसे.

इंटरनेटनें हा नैसर्गिक लगाम काढून टाकला. विद्यार्थी रात्रीं अकरा वाजतां प्रश्न लिहितो. बोट टेकतांच तो प्रश्न शिक्षकाच्या पेटींत जाऊन पडतो. निरोप क्षणांत पोंचला, तेव्हां उत्तरही लवकरच यावें असें त्यास वाटल्यास त्यांत त्याचा दोष काय? सकाळीं उठून पाहतो तों उत्तर नाहीं. दुसरा दिवस जातो. मग तो मनांत म्हणूं लागतो कीं, पलीकडे कोणी नाहींच. यंत्राचा वेग हाच शिक्षकाचा वेग, अशी ही समजूत आहे, आणि आजच्या असंतोषाचें फार मोठें मूळ तिच्यांत आहे.

आतां शिक्षकाच्या बाजूचाही हिशोब पाहूं. समजा, वर्गांत २०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकानें आठवड्यांतून एकच प्रश्न विचारला. प्रश्न वाचून, विचार करून, उत्तर लिहिण्यास दहा मिनिटें धरलीं, तर २,००० मिनिटें झालीं. म्हणजे तेहतीस तासांहून अधिक. शिकविणें, तपासणें, स्वतःचें वाचन हीं सर्व अजून व्हावयाचींच आहेत. असा शिक्षक कितीही सज्जन असला तरी प्रत्येकास तात्काळ उत्तर देऊं शकणार नाहीं. परंतु हा हिशोब विद्यार्थ्यास कोणी दाखवीत नाहीं. त्याला दिसतें तें केवळ मौन, आणि मौनाचा अर्थ मनुष्य नेहमीं आपल्या विरुद्ध लावीत असतो.

ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीनें हा प्रश्न आरंभींच ओळखला होता. तिला १९६९ सालीं सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारींत तिचे पहिले विद्यार्थी शिकूं लागले. बी. बी. सी.च्या नभोवाणीवरून व दूरचित्रवाणीवरून तिचीं व्याख्यानें होत, आणि लोकांच्या नजरेंत भरलीं तीं हीं व्याख्यानेंच. संस्थेचा कणा मात्र निराळाच होता. विद्यार्थ्यांचे लहान लहान गट, प्रत्येक गटास नेमून दिलेला एक शिक्षक, विद्यार्थ्यानें लिहून पाठविलेला स्वाध्याय, आणि त्यावर त्या शिक्षकानें हातानें लिहिलेले सविस्तर शेरे, यांवर तें विद्यापीठ उभें राहिलें. मी या क्षणीं बोलतों आहें तेंही एकतर्फीच आहे. आपणांपैकीं कोणी मान डोलावली कीं जांभई दिली, हें मला दिसत नाहीं. भाषणापुरतें तें चालून जातें. शिकणाऱ्यास मात्र आपली चूक पाहणारें कोणी तरी हवें असतें.

तें नसलें म्हणजे काय होतें, याचा एक भव्य दाखला २०१२ सालचा आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या प्रख्यात संस्थेनें विजेच्या मंडलांवरील आपला एक अभ्यासक्रम सर्व जगास विनामूल्य खुला केला. नांव घालणाऱ्यांची संख्या १,५४,७६३ झाली. त्यांपैकीं पहिला स्वाध्याय उघडून पाहिला ६९,२२१ जणांनीं. त्यांत निदान एक गुण मिळविला २६,३४९ जणांनीं. आणि शेवटीं प्रमाणपत्र मिळालें तें ७,१५७ जणांस. शंभरांत पांच देखील नव्हेत! पूर्ण गुण मिळविणाऱ्यांत मंगोलियांतील एक पंधरा वर्षांचा मुलगा होता, ही गोष्ट तेव्हां फार गाजली, आणि ती गाजण्यासारखीच होती. पण एका मुलाच्या यशानें बाकीच्यांचें काय झालें हा प्रश्न मिटत नाहीं.

त्यावर दोन वर्षांनीं, २०१४ सालीं, हार्वर्डमधील एका अभ्यासकानें तेथील नऊ खुल्या अभ्यासक्रमांचा शोध घेतला. त्यानें आरंभींच विद्यार्थ्यांस विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचीं उत्तरें हाताशीं घेतलीं: तुम्ही हा अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठीं आलां आहांत कीं सहज पाहण्यासाठीं? पूर्ण करण्याचा हेतु सांगणाऱ्यांपैकीं शेंकडा २२ जणांनीं प्रमाणपत्र मिळविलें. सहज पाहण्यास आलेल्यांपैकीं शेंकडा ६ जणांनीं. यावरून कित्येकांनीं समाधान मानून घेतलें कीं, सोडून गेलेले बहुतेक जण प्रेक्षकच होते, त्यांस नापास म्हणणें अन्यायाचें. तें खरेंच आहे. ग्रंथालयांत येऊन चार पुस्तकें चाळून जाणाऱ्यास कोणी अनुत्तीर्ण म्हणत नाहीं. पण मला त्या आंकड्याची दुसरी बाजू अधिक टोंचते. पुरें करण्याच्या निश्चयानें आलेल्या शंभरांतले अठ्ठ्याहत्तर मध्येंच राहिले. हे प्रेक्षक नव्हते. घरच्या कामांतून, कचेरीच्या कामांतून वेळ काढून ते बसले होते.

संस्था आपल्याच आश्वासनाखालीं कशी दडपली जाते, हें पाहावयाचें असेल तर २०१३ च्या आरंभींची एक हकीकत पुरे आहे. जॉर्जिया टेक या अमेरिकन संस्थेच्या नांवानें एक खुला अभ्यासक्रम निघाला. त्याचा विषय काय होता? ऑनलाइन शिक्षणाची योजना कशी करावी, हाच! चाळीस हजारांच्या वर विद्यार्थी आले. गट करून चर्चा करावयाची, असें योजलें होतें, आणि आपापला गट निवडण्यासाठीं सर्वांस एकाच सामायिक तक्त्यावर नांवें लिहिण्यास सांगितलें. तो तक्ता इतकी गर्दी सोसण्यासाठीं केलेलाच नव्हता, तो कोलमडला. सूचना संदिग्ध असल्याच्या तक्रारी आल्या, आणि आठवड्याच्या आंत अभ्यासक्रम थांबवावा लागला. कोणी हंसावें म्हणून मी हें सांगत नाहीं. वीस जणांच्या वर्गांत शोभणारें वचन चाळीस हजारांस दिलें, एवढीच चूक झाली. आणि ती करणारे त्या विषयाचे जाणकार होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्याकडे मात्र अपेक्षाभंगाचें मोठें ठिकाण यंत्र नसून वेळ हें आहे. जाहिरातींत एक शब्द हटकून असतो: ‘सवडीनें शिका’. वाचणारा त्याचा अर्थ करतो, सवड मिळेल तेव्हां. शिकविणाऱ्याच्या मनांतला अर्थ असा असतो कीं, पहांटे बसा कीं रात्रीं बसा, पण तितके तास बसा. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमध्यें शेंकडों विद्यार्थी अडकून पडतात. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पद्धतींत एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास, असें प्रमाण आहे. त्यांत वाचन, श्रवण, स्वाध्याय सर्व आलें. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. सहामाहींत असे चार विषय घेतले तर ४८० तास. आणि चोवीस आठवडे हातीं धरले तर आठवड्यास वीस तास. रविवार धरून रोज जवळजवळ तीन तास! हा गुणाकार चौथींतला मुलगा करील. पण प्रवेशाच्या वेळीं तो करून दाखविणारा माणूस मीं फार क्वचित् पाहिला आहे. विद्यार्थी मोजतो तीं दृश्य व्याख्यानें. अर्ध्या तासाचीं आठ व्याख्यानें, म्हणजे चार तास, असा त्याचा अंदाज असतो. तीं ऐकल्यानंतर खरें काम सुरू होतें हें त्यास पांचव्या आठवड्यांत कळतें, आणि तेव्हां तो चार आठवड्यांनीं मागें पडलेला असतो.

या ठिकाणीं घरांतील मंडळींविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून पुढें जाववत नाहीं. महाविद्यालयांत जाणारा मुलगा दाराबाहेर पडला कीं त्याचे ते तास त्याचे झाले. घरीं शिकणाऱ्या सुनेस किंवा मुलीस ही सोय नाहीं. ती पडद्यासमोर बसली आहे म्हणजे मोकळीच आहे, असें सर्वांस वाटतें. दूधवाला आला, सासूबाईंचें औषध राहिलें, पाहुण्यांना चहा हवा, कीं हांक तिलाच. कोणी दुष्टपणानें हें करीत नाहीं. ती अभ्यास करते आहे ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं, एवढेंच. शिक्षकानें ठरवून दिलेले आठवड्याचे तास कागदावर लिहून तो कागद स्वयंपाकघरांत लावला, तर घराच्याही अपेक्षा जागेवर येतात. उपाय अगदीं साधा आहे. पण त्यासाठीं तो आंकडा आधीं संस्थेनें द्यावयास हवा.

परीक्षेविषयींची समजूतही अशीच अर्धवट असते. आपल्या आय. आय. टी. संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं मिळून चालविलेल्या एन्‌पीटेलचे अभ्यासक्रम पाहावेत. ते ऐकण्यास कोणालाही मोकळे आहेत. प्रमाणपत्र हवें असेल तर मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊन, देखरेखीखालीं परीक्षा द्यावी लागते. १०० गुणांपैकीं २५ आठवड्याच्या स्वाध्यायांचे आणि ७५ परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत ज्यांत सर्वांत अधिक गुण मिळाले ते आठ स्वाध्याय धरतात. शिवाय स्वाध्यायांत २५ पैकीं १० आणि परीक्षेंत ७५ पैकीं ३० हे दोन्ही वेगवेगळे मिळविले पाहिजेत. हा नियम मला चांगला वाटतो, आणि तो चांगला वाटण्याचें कारण त्याची उदारता नव्हे, त्याचा स्पष्टपणा. चार आठवडे आजारांत गेले तरी सर्व बुडालें नाहीं, हें विद्यार्थ्यास आरंभींच कळतें. आणि घरीं बसून स्वाध्यायांत चोवीस गुण मिळविले म्हणजे प्रमाणपत्र खिशांत पडलें, असें नाहीं, हेंही कळतें. नियम कडक असला तरी विद्यार्थी सोसतो. अर्ध्या सत्रांत उगवलेला नियम मात्र त्यास सोसत नाहीं.

२०२० सालच्या मार्च महिन्यापासून साथीच्या काळांत सारीं विद्यापीठें एका रात्रींत पडद्यावर आलीं, त्यानें या शिक्षणाचा प्रसार झाला खरा. पण अपेक्षांचें नुकसानही तेवढेंच झालें. फळ्यासमोरचें भाषण जसेंच्या तसें कॅमेऱ्यासमोर झालें. खेड्यांतला विद्यार्थी फोन हातांत धरून रेंज शोधीत गच्चीवर उभा राहिला. तें संकटकाळचें काम होतें, आणि संकटांत चालवून घेतलेली गोष्ट ही त्या विद्येची मूळ रीत समजणें बरोबर नाहीं. तरीही आज जो या अभ्यासक्रमांस येतो, तो पुष्कळदां त्याच दिवसांची आठवण घेऊन येतो: कॅमेरा बंद, हजेरी लागली, काम झालें. ही अपेक्षा शिक्षकानें पहिल्याच दिवशीं नांव घेऊन मोडली पाहिजे.

पदवीच्या मोलाविषयीं शंका वारंवार विचारली जाते, म्हणून थोडक्यांत सांगतों. मान्यता असलेल्या संस्थेनें दूरस्थ किंवा ऑनलाइन रीतीनें दिलेली पदवी ही नेहमींच्या पदवीच्या बरोबरीची समजावी, असें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या सप्टेंबरांत स्पष्ट केलें आहे. भर ‘मान्यता असलेल्या’ या शब्दांवर आहे. मान्यतेची यादी आयोगाकडून प्रसिद्ध होते, ती प्रवेशापूर्वीं पाहावी. मात्र कायद्यानें पदवी समान झाली म्हणून नोकरी देणारा लगेच दार उघडील, असें वचन कोणी देत असेल, तर तें वचन त्याच्या हातचें नाहीं.

येथें एक धोकाही आहे, आणि तो शिक्षकवर्गानें स्वतःपासून लपवूं नये. ‘विद्यार्थ्यांच्या अपेक्षा आटोक्यांत ठेवा’ असा उपदेश हल्लीं संस्थांतून पुष्कळ ऐकूं येतो. त्याचा अर्थ, थोडें द्या आणि थोडेंच मिळेल असें आधीं सांगून ठेवा, असा होऊं लागला तर तो उपदेश नव्हे, पळवाट आहे. जाहिरात लिहिणारा स्वर्ग दाखवितो आणि सूचनापत्र लिहिणारा हात झटकतो. दोघेही एकाच संस्थेचे पगारदार असतात. ज्यानें हजार विद्यार्थी घेतले त्यानें हजारांस पुरतील इतके तपासनीस नेमले पाहिजेत. ते न नेमतां विद्यार्थ्यास ‘स्वावलंबी व्हा’ म्हणून सांगणें हें मला लबाडीचें वाटतें.

तेव्हां शिक्षकानें करावें काय? पहिल्या आठवड्यांत एक पत्र लिहावें. छापील नियमावली नव्हे, पत्र. त्यांत आंकडे असावेत. उदाहरणार्थ: आपल्या प्रश्नास मी कामाच्या दोन दिवसांत उत्तर देईन, शनिवारीं रात्रीं विचारलेल्या प्रश्नास सोमवारपर्यंत उत्तर येणार नाहीं, तेव्हां विसरलों असें समजूं नये. आठवड्यास आठ तास लागतील. त्यांतले दोन ऐकण्यांत, तीन वाचण्यांत, तीन लिहिण्यांत. स्वाध्याय दहा दिवसांत तपासून परत करीन, आणि त्यावर निदान पांच ओळी लिहीन. प्रश्न आधीं सर्वांच्या चर्चेंत मांडावा, कारण तोच प्रश्न आणखी दहा जणांस पडलेला असतो. चौथा आठवडा जड आहे. तेथें अडखळलांत तर तें आपल्या बुद्धीचें उणें नव्हे, त्या प्रकरणाचा स्वभावच तसा आहे. हें शेवटचें वाक्य लहान दिसतें, पण सोडून जाणाऱ्यास धरून ठेवण्याचें सामर्थ्य त्यांत मोठें आहे. कारण अडचण आली तेव्हां ती त्यास ओळखीची वाटते. आणि पत्रांत लिहिलें तें पाळावें. दोन दिवस म्हटल्यावर तिसऱ्या दिवशीं उत्तर देणाऱ्यापेक्षां, चार दिवस म्हणून चौथ्या दिवशीं देणारा शिक्षक विद्यार्थ्यांस अधिक आपला वाटतो.

त्याच पत्रांत एक प्रश्नही असावा: आपण कशासाठीं आलां आहांत? पदवीसाठीं, बढतीसाठीं, कीं केवळ आवड म्हणून? आवडीनें आलेल्यास परीक्षेच्या तगाद्यानें पळवून लावण्याचें कारण नाहीं, आणि बढतीसाठीं आलेल्यास तारखा दोनदां सांगितल्या तरी त्या थोड्याच. उत्तरें वाचण्यास शिक्षकाची एक संध्याकाळ जाईल. पुढच्या दहा संध्याकाळचे रागाचे निरोप त्यानें वांचतात.

आपल्या घरांतील कोणी येत्या सत्रांत असा प्रवेश घेत असेल, तर शुल्क भरण्यापूर्वीं संस्थेस तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आठवड्यास किती तास लागतील. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील. आणि पहिला स्वाध्याय तपासून कोणत्या तारखेस परत येईल. पहिल्या दोहोंचीं उत्तरें गोलमाल शब्दांत देतां येतात. तिसऱ्याचें उत्तर तारखेनेंच द्यावें लागतें.